ब्रशगल्ली जिवंत असल्याबाबत

चार मार्च रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, नगरपालिकेच्या सभागृहात, ब्रशगल्लीतील अकरा कारखाने मरणाला टेकले आहेत असे जाहीर करण्यात आले. ज्या अहवालाच्या जोरावर हे झाले त्याच्या पहिल्या पानावर माझे नाव आहे. मी दुसऱ्या रांगेत होते. बोलायला उभी राहिले तेव्हा माइक बंद केला. मृत्युपत्राचा माइक कोणाला बंद करता येत नाही, म्हणून उरलेले इथे लिहिते.

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, अविवाहित, संशोधन संस्थेतून निवृत्त. हे लिहिताना मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मी संतापलेली आहे, त्याला दाखल्याची गरज नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणणाऱ्याची मला कीव आली असती. वीस मार्चला सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, "काळजी करू नका." इतक्या वेळा म्हणतात की काळजी वाटू लागते. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

एक. बँकेतील शिल्लक. त्यातून आधी रुग्णालय आपला घास घेईल. उरेल ते माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. ती नको म्हणेल. तिला विचारू नये.

दोन. जाड गालिचा वरच्या मजल्यावरील गायकाला द्यावा. त्याने तो आपल्या खोलीत अंथरावा आणि पायाने ताल धरायचा तर त्यावर धरावा. ही विनंती मी हयातीत अनेकदा छताला झाडूचा दांडा ठोकून केली आहे.

तीन. सूक्ष्मदर्शक माझ्या कॉन्व्हेंट शाळेला. तिथल्या सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या: वळणदार अक्षर आणि खोटे न बोलणे. अक्षर आता थरथरते.

चार. तळ्यात फिरवायची जाळी संस्थेच्या सध्याच्या संचालकांना. हे माझे विद्यार्थी. वर्गात मी त्यांचे नाव टीपकागद ठेवले होते, कारण ते सगळे टिपून घेत, पण उलटे. जाळीला मोठे भोक पडले आहे. त्यांच्या पद्धतीला ती शोभेल.

इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, नाहीतर पाचवे कलम म्हातारीचा हेका वाटेल.

मी मूळची तळ्यांची. तरुणपणी गुडघाभर पाण्यात उभी राहून बेडूक मोजत असे. पुढे संस्थेने मला धंदे मोजायला बसवले, आणि मला दिसले की गणित तेच आहे. गावात पहिला ब्रशवाला येतो तेव्हा त्याला कोणी कर्ज देत नाही, कोणी ओळखत नाही. दहा होतात तेव्हा ब्रशाच्या केसांचा व्यापारी आपण होऊन गल्लीत येतो, कारागीर मिळतात, गिऱ्हाइकाला वाट पाठ होते. खूप झाले की एकमेकांचे पाय ओढतात आणि मरू लागतात. नवा धंदा जुन्यापेक्षा लवकर मरतो, जसे बेडकापेक्षा बेडकाचे पिल्लू. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते काही उगाच नाही.

यातली सर्वांत सुंदर गोष्ट पुढे आहे. गावाबाहेर प्लॅस्टिकच्या ब्रशांचा मोठा कारखाना आला तेव्हा सगळे म्हणाले, संपली ब्रशगल्ली. मोठा मासा तळ्याच्या मध्यावर राहतो. त्याला काठावर येता येत नाही, पोट घासते. काठ लहानांना मोकळा मिळतो. बाटल्या धुण्याचे ब्रश, घड्याळातली धूळ काढायचे ब्रश, यंत्रमागाचे गोल ब्रश, हे मोठ्या कारखान्याला परवडत नाहीत. म्हणून तो आल्यावर गल्ली तगली. माझे सगळे आयुष्य या एका वाक्यात मावते, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

आता टीपकागदाचा पराक्रम. अहवालासाठी त्यांनी माझेच गणित घेतले, पण गल्लीत पाऊल ठेवले नाही. व्यापाऱ्यांची जुनी व नवी यादी शेजारी शेजारी ठेवली. जे नाव गेले तो कारखाना मेला, जे नाव आले तो जन्मला. गल्लीतली रीत त्यांना ठाऊक नव्हती. तिथे मालक वारला की त्याच्या नावाची पाटी उतरवतात आणि वारस स्वतःच्या नावाची लावतो, मेलेल्याच्या नावाने पार्सल येऊ नये म्हणून. बाक तेच, कारागीर तेच, गिऱ्हाईक तेच. माणूस मेला होता. टीपकागदाने कारखाना मेल्याची नोंद केली.

माझे मेहुणे चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हा धाकटीने अशीच पाटी बदलली. कारखाना चाळीस वर्षांचा. अहवालात तो एकदा मेला आहे आणि एकदा चार वर्षांचा आहे. असे सगळ्या गल्लीचे. म्हणजे मृत्यू भरमसाट, आणि उरलेले सारे कोवळे, आज ना उद्या मरणारे. अशांना जागा कशाला? एकतीस मार्चला भाडेपट्टे संपतात, ते वाढवायचे नाहीत असे नगरपालिकेने ठरवले.

धाकटीने अहवाल माझ्याच टेबलावर वाचला. बोटांना नेहमीसारखा डिंक लागलेला.

"ताई, मी यात तान्ही आहे गं," ती म्हणाली. "पाळणा आण."

"हसू नकोस."

"मग काय करू? माझ्याकडे सहा बायका कामाला आहेत. त्यांना काय सांगू, की आपण चार वर्षांमागेच मेलो, आता घरी जा?"

मी त्याच दिवशी टीपकागदाला फोन केला.

"मॅडम, मॉडेल तर तुमचंच आहे."

"मॉडेल माझं. डोळे तुझे. ते कुठे ठेवले होतेस?"

"मॅडम, अहवाल मंजूर झालाय. आता मागे घेतला तर संस्थेची नाचक्की होईल."

"आणि नाही घेतलास तर गल्ली उठेल."

"तुम्ही तब्येतीला जपा, मॅडम."

नंतर मी दोन पत्रे पाठवली. नगरपालिकेत जाऊन अधिकाऱ्याच्या दाराबाहेर बसले. आतून निरोप आला की शास्त्रीय बाबींसाठी संस्थेशी बोलावे. संस्थेतून निरोप आला की धोरणात्मक बाबींसाठी नगरपालिकेशी बोलावे. वर्तमानपत्रवाल्याने विचारले, "आजी, यात बातमी काय?" माझ्याजवळ आता एकच गोष्ट उरली आहे जी कोणाला हवी आहे. ते हे घर.

पाच. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर व गच्ची. मागील मृत्युपत्रात मी ते संस्थेला दिले होते, तरुण संशोधकांनी राहावे म्हणून. टीपकागदाने तिथे लावायच्या पाटीचा नमुनाही करून ठेवला आहे असे ऐकते. संस्थेला घर अजूनही मिळेल, पण एका अटीवर: संचालकांनी अहवालातील चूक लेखी मान्य करावी आणि ते पत्र भाडेपट्ट्यांची मुदत संपण्याआधी नगरपालिकेत दाखल करावे. तसे न झाल्यास घर गल्लीतील अकरा कारखान्यांना समाईक मिळावे, कामाचे बाक मांडण्यासाठी. मी टेप घेऊन मोजले. गच्ची धरूनही चारच मावतात. बाकीच्या सातांचे काय करायचे ते मला सुचलेले नाही. रात्रंदिवस सुचलेले नाही.

धाकटीला मी हे कलम वाचून दाखवले.

"म्हणजे त्याने ऐकलं तर घर त्याला, आणि मला काहीच नाही?"

"तुला गल्ली."

बोटांवरचा डिंक खरवडत ती म्हणाली, "घर त्यालाच जाऊ दे, ताई. देव करो आणि त्यालाच जाऊ दे."

माणसाने खरे बोलावे म्हणून त्याला घराची लाच द्यावी लागते, हे सिस्टरांनी शिकवले नव्हते. मी देते आहे. मला लाज वाटते आणि तरीही देते आहे.

सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकीलबाईंनी करावी. त्या माझ्याइतक्याच तुसड्या आहेत.

सात. माझ्या पश्चात संस्थेने शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर माइक चालू ठेवावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्याखाली नाव घातले. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या. धाकटीला सही करायची होती. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे सांगून तिला बाहेर बसवले.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: नऊ मार्च
सही: (करणारी, निवृत्त संशोधक)
साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा औषधविक्रेता
साक्षीदार दुसरी: शेजारची शिवणकाम शिक्षिका

प्रत: संचालक, संशोधन संस्था, यांस हातपोच.

टीपकागदा, पोच घेणाऱ्या शिपायाची सही मला उत्तर म्हणून चालणार नाही. "विचाराधीन आहे" हेही चालणार नाही. तुझ्या हाताने, तुझ्या सहीने, एवढेच लिहून हवे की हे अकरा कारखाने जिवंत आहेत आणि तू ते न बघता मेलेले धरलेस. वीस तारखेला सकाळी मला भूल देतील. त्यानंतर मी वाचू शकेन की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून एकोणीस मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत. लेखी.