तेलात कालवलेली पावडर

गंगावेस, कोल्हापूर
५ नोव्हेंबर १९७४

ती. धोंडुआक्कास धाकट्या केरबाचा शि. सा. न.

इकडं समदी खुशाल. तुझा लेक कृष्णात तालमीत घाम गाळतोय आणि दोन्ही वक्ताला आमच्या चंदी म्हशीच्या धारेचं गरम दूध पितोय. पोरगं म्हशीला आटवतंय म्हणून तुझी भावजय विठाबाई कुरकुरते, आणि त्याच्याच ताटात जादा भाकरी वाढते.

दिवाळी पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीत औंदा आपली चंदीच उठून दिसणार बघ. गोचिडांनी बेजार झालती, म्हणून पिकावर मारायची बी.एच.सी. पावडर शेंगतेलात कालवून अंगभर चोळली. गोचीड गळाली आणि कातडी अशी चमकाय लागलीय की शेजारचा मीरासाब जळतोय. कालपासनं जरा थरथरतीया, पण गारठाबी पडलाय. पाडव्यापतुर रोज चोळणार हाय. दाजींना घेऊन ये की. माया हाय तशीच ठेव.

तुझा केरबा

कुरुंदवाड
७ नोव्हेंबर १९७४

चि. केरबास आक्काचे अ. आ.

पोस्टाचा भरवसा न्हाय, म्हणून एस.टी.च्या कंडक्टरकडं चिठ्ठी देते. वाचल्या वाचल्या ऊठ. तो गारठा न्हवं, इख हाय. गेल्या साली तुझ्या दाजींनी आमच्या बैलाला असंच चोळलं. बैल थरथरला, झटके आले आणि दावणीलाच गेला. तुला कळवलं न्हाय, ती चूक माझी. गुरांचे डॉक्टर म्हणाले, ही पावडर तेलात विरघळते, कातडीतनं आत जाते आणि दुधाच्या सायीत उतरते.

साबण लावून भरपूर पाण्यानं म्हैस धू, तुझे हातबी धू. डॉक्टरला आण. दुधाचा थेंब विकू नको, रेडकाला पाजू नको. गिऱ्हाईक तुटलं तर तुटू दे. कृष्णातला दवाखान्यात ने आणि लगेच कळव. रागावलेय, तरी जीव तुझ्यातच हाय.

तुझी आक्का

गंगावेस, कोल्हापूर
२५ नोव्हेंबर १९७४

ती. आक्कास शि. सा. न.

कृष्णात ठणठणीत हाय, हे तारेनं कळवलंच हुतं. डॉक्टरांनी त्याला पुन्हा तपासलं. आता परत तालमीत जातोय.

तुझी चिठ्ठी आली तवा चंदीनं गुडघं टेकलं हुतं. आम्ही तिघांनी धुऊन काढली, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. वाचली बाई. आता वैरण खातीया. दूध मात्र अजून काही आठवडं खड्ड्यातच ओतायचं हाय.

म्हैस आटली असं सांगून मोकळं व्हावं, असं मनात आलतं. पण मीरासाबनं माझं बघून आपल्या म्हशीसाठी वाटीत तसंच पावडरीचं तेल कालवून ठेवलेलं. मग पाडव्याला चंदीला घरीच बांधली आणि धार काढून दूध विकतो त्या दूधकट्ट्यावर हुभा राहून समद्या गिऱ्हाइकांना खरं सांगितलं. लई शिव्या खाल्ल्या. त्यांची पोरंबी तेच दूध पीत हुती, शिव्या बरोबरच हुत्या. मीरासाबनं तेल खड्ड्यात पुरलं, आणि रेडकासाठी रोज चरवीभर दूध धाडतोय.

आमचं जुनं गिऱ्हाईक गणपतराव सगळ्यात जास्त तापले हुते. काल ते स्वतः गोठ्यात आले. म्हणाले, सध्या दुसरीकडनं दूध घेतोय, पण चंदीचं चालू झालं की पयला निरोप आमच्या घरी धाड, कारण दूध वाईट असलं तर तू सांगतोस. आक्का, मला रडू आलं.

अशीच दटावत राहा.

तुझा केरबा