पंपासमोर काय ठेवावं

रक्षितदादा,

पाहुण्यांना सोफ्यावरून दिसावं म्हणून तू माझं मांसल प्रवाळ माशांच्या टाकीत पंपासमोर ठेवलंस. "स्वल्प अडजस्ट करेल की," म्हणालास. सकाळी बघितलं तर त्याच्या कडा फाटून आतला पांढरा सांगाडा दिसत होता.

जोराच्या पाण्यात फांद्यांचं, कडक प्रवाळच टिकतं. जांभळं तिथे ठेव.

फाटलेलं मी दगडाआड ठेवलंय. त्याला हात लावू नकोस.

आज चारला मला बघायला येणाऱ्यांनाही तू हेच सांगितलंस. यशू नोकरी सोडेल, अकरा माणसांच्या घरात अडजस्ट करेल.

मला विचारलं होतंस?

मी कडकोळला, कामावर आहे. त्यांना दाखवायला साडी सोफ्यावर ठेवलीय.

स्वल्प अडजस्ट करतील की.

यशस्विनी