मांजराची उघडी पेटी

डॉक्टरीणबाई,

दार वाजवायचं नाही, म्हणून ही चिठ्ठी. ताट बाहेर झाकून ठेवलंय. परवा दवाखान्यात तो म्हातारा कुत्रा तू उपचार करत असतानाच गेला, तेव्हापासून तू खोलीत आहेस. "आता दवाखान्याची पायरी चढणार नाही," म्हणालीस. त्यावर मी काही बोलत नाही.

सांगायचंय ते वेगळंच. आपल्या राणीसरकार आज आपणहून पेटीत जाऊन झोपल्या! लस टोचायला न्यायचं म्हटलं की मी तिला मानगुटीला धरून कोंबायची आणि ती माझे हात ओरबाडून काढायची. तू म्हणालीस, "आई, पेटी घरातच उघडी राहू दे. आत तुमचा जुना स्वेटर अंथरा, खाऊ ठेवा आणि तिच्याकडे बघूसुद्धा नका." मी नाक मुरडलं होतं. मांजराची कसली एवढी मनधरणी!

मानलं गं बाई तुला. जन्मभर मांजरं पाळली मी, पण मांजर कळलं ते तुझ्यामुळे. अंगावर धावून जाणारी कुत्री तुझ्यापुढे गप पंजा का देतात, तेही आज उमगलं.

लस शनिवारी आहे. दुसऱ्या कुणाला ती हात लावू द्यायची नाही, पण तुला घाई नाही. तुझ्या नवऱ्यालाही बजावलंय, समजूत घालायला जाऊ नकोस म्हणून.

मी स्वयंपाकघरात बसलेय, दाराकडे पाठ करून. तू बाहेर आलीस तरी वळून बघणार नाही.

आई