जुन्या धक्क्यावरचा दोर

३ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझा भाचा सोमवारच्या गाडीने तुझ्याकडे निघतोय. पाणबुड्याची परीक्षा पास झाल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नाहीत, तेव्हा पाण्याखाली पाठवलेलाच बरा. चेष्टा राहू दे. दुसऱ्या कुठल्या बंदरात मी त्याला जाऊच दिलं नसतं. तिथे वरून दोर धरायला तू आहेस, म्हणून हो म्हटलं. खाली गेलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्याने हिसका दिला की वरच्याने उलट हिसका द्यायचा, आणि हिसक्यावर हिसके आले की ओढून वर घ्यायचं. आपल्या घरात तुला हे सांगायला नको.

त्याला उपाशीपोटी पाण्यात उतरवू नकोस. आणि बाबांची ती दोर ओढणाऱ्या भुताची गोष्ट त्याला सांगत बसू नकोस.

पोचल्याचं दोन ओळींत कळव, तोवर माझा जीव टांगणीला.

तुझी ताई


२० जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न.

भाचेबुवा सुखरूप पोचले आणि पहिल्याच दिवशी आम्हा नवराबायकोच्या वाटचंही जेवून ढाराढूर झोपले. काम चोख आहे पोराचं. अंगात भीती म्हणून नाही.

गोष्ट मी सांगितली, रागावू नकोस. ती न सांगता इथे चालायचं कसं? बाबांच्या वेळी जुन्या धक्क्याला बुडालेला पाणबुड्या अजून खालून दोर ओढतो आणि उत्तर देईल त्यालाच पाण्यात खेचतो. म्हणून तिथे हिसक्याला कुणी उत्तर देत नाही. दोर खुंट्याला बांधायचा आणि चहा प्यायला बसायचं. बाबांनी जन्मभर तेच केलं, मीही करतो.

तुझा लेक मात्र तुझ्यावर गेलाय, फिदीफिदी हसला. परवा तिथेच उतरला होता, तर मला घाबरवायला खालून मुद्दाम हिसके देत होता. मी म्हटलं, ओढ बाबा हवं तेवढं, मामा काही उठायचा नाही.

तुझ्या पत्राची वाट बघतो, दम भरायला का होईना पण लिही.

धाकटा


२८ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

पत्र वाचलं तशी लगेच लिहायला बसले. आईला शब्द दिला होता म्हणून इतकी वर्षं गप्प होते, पण आता ती नाही आणि बाबाही नाहीत. तो पाणबुड्या बुडाला त्या दिवशी मी बाबांचा डबा घेऊन धक्क्यावर गेले होते. दोर खुंट्याला बांधलेला होता आणि बाबा पत्ते खेळत बसले होते. दोर हिसक्यावर हिसके खात होता. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, लाटेने हलतोय, डबा ठेव आणि घरी जा.

भूतबित काही नाही रे. एक जिवंत माणूस हवेसाठी ओढत होता. दोर हलताना आम्हीही बघितला असं चारचौघं बोलायला लागले, तेव्हा बाबांनी ही गोष्ट रचली.

तुझा भाचा दहा वेळा खोटं ओढू दे, तू दहा वेळा ऊठ. थोरली असून पाया पडते तुझ्या.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

गेलेल्या बापावर असा आळ घ्यायला तुझा हात कसा धजावला? वाढवल्याचे चांगले पांग फेडलेस. तुझं पत्र मी धक्क्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. मुकादमाची तर हसून हसून पुरेवाट झाली. तुझा लेक हसला नाही. म्हणाला, मामा, आई एवढं म्हणते तर धरून बसा ना दोर. मी म्हटलं, एवढी भीती असेल तर आईच्या कुशीत जाऊन नीज. मग चाकूला धार लावायला बसला.

उद्या जुन्या धक्क्याला बोटीच्या पंख्यात अडकलेली जाळी कापायची आहे. त्यालाच उतरवतोय. दोर मी सगळ्यांच्या देखत खुंट्याला बांधणार, बाबांसारखाच. बाबा खोटारडे होते की नाही, याचा एकदा निकाल लागू दे.

परवा त्याच्याच हातचं पत्र टाकायला लावतो, मग तुझा जीव भांड्यात पडेल.

धाकटा


२ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न.

किती पत्रं टाकली, तुझं अक्षर नाही. लेकाला न्यायला आलीस तेव्हाही माझ्याकडे बघितलं नाहीस. मला काय दुःख नाही? माझा भाचा होता तो. पण दोर हलत होता तेव्हा सगळेच होते तिथे, सगळ्यांनी बघितला, सगळे हसले. मग बोल मला एकट्यालाच का? चौकशीत मी भुताचंच सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कामावर ठेवलंय मला, काळजी नसावी.

बंदरात आता म्हणतात की जुन्या धक्क्याला दोघं जण दोर ओढतात. तुझा लेक लोकांच्या तोंडी राहिला, हे काय थोडं झालं? पुढच्या आठवड्यात नवा पाणबुड्या येतोय, त्याला मलाच सांगायचंय सगळं. जुन्याचं बाबांनी झकास रंगवून ठेवलंय, पण तुझ्या लेकाचं मला फारसं ठाऊक नाही. लहानपणी त्याला एखादी खोड होती का? कळवलीस तर गोष्टीत घालता येईल.

झालं गेलं विसर आणि धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

धाकटा


९ एप्रिल

धाकट्या,

खोड एकच होती. काही हवं असलं की तोंडाने मागायचा नाही, मागे येऊन माझी बाही ओढायचा. दिवसातून कितीदा तरी उगाचच ओढायचा, आणि मी बघितलं की पळून जायचा. हातात उकळतं दूध असलं तरी मी दर वेळी वळून बघायची.

हे घाल गोष्टीत.

त्याची आई