छोटी गाडी आणि अर्धं बोट

बुलूरा,
मंगळवार, दुपार

प्रिय आयव्ही वन्सं,

तुमच्या गुडघ्याची चौकशी सगळ्यात आधी उरकते, कारण मागच्या पत्रात ती राहिली आणि तुम्ही फोनवर पाऊण तास फक्त ‘हं’ म्हणत होतात. तर कसा आहे गुडघा? होबार्टची थंडी सोसवते ना? इकडचं म्हणाल तर अकरा महिने पावसाचा थेंब नाही, आणि मेंढ्या माझ्याकडे अशा बघतात की जणू मीच तो कपाटात कोंडून ठेवलाय. माझं जेवणखाण व्यवस्थित चाललंय. म्हणजे रविवारी मटण भाजायचं आणि शनिवारपर्यंत त्याचंच तोंड बघायचं. क्लेमला जाऊन नऊ महिने झाले. सकाळी अजून दोन कप काढते. मग एक परत ठेवते.

पत्र लिहायचं निमित्त असं, की मला छोटी गाडी घ्यायची आहे आणि त्यात तुमचा सल्ला हवा आहे. आपल्या घराण्यात छोटी गाडी चालवणाऱ्या तुम्ही एकट्याच. (तुमचा भाऊ क्लेम तिला ‘साबणाची डबी’ म्हणायचा. आता सांगायला हरकत नाही.)

हे सगळं खूळ जनेलचं. क्लेमची यूट किती उंच आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे, मागे मालाचा हौदा नि पुढे चढायला शिडी लागेल अशी. मी त्यावर उपाय काढला होता. दुधाचा एक रिकामा क्रेट दोरीने दाराला बांधला, त्यावर पाय देऊन चढायचं आणि मग दोरीने क्रेट आत ओढून घ्यायचा. उत्तम चाललं होतं. पण जूनमध्ये पोस्टासमोर क्रेट सरकला, मी मनगटावर आपटले आणि कुणीतरी जनेलला कळवलं. (तुम्ही नसाल अशी आशा आहे.) ती सिडनीहून आली ती दारातूनच सुरू झाली, “आई, आता बास हं! एक्क्याऐंशी वर्षांची आहेस तू, माकड नाहीस. तो खटारा वीक आणि माणसांसारखी गाडी घे!” लेक माझीच, त्यामुळे आवाजाबद्दल तक्रार कुणाकडे करणार?

म्हणून गावातल्या डॅरलकडे गेले. गाड्या विकणारा हा माणूस तसा भला आहे, फक्त माझं वय ऐकल्यापासून मी बहिरी असल्यासारखा बोलतो. पहिली गाडी लाल होती. आत बसणं अगदी सोपं, म्हणजे पडलेच म्हणा ना. पण उठता येईना. डॅरलने एक हात ओढला, त्याच्या ऑफिसातल्या बाईने दुसरा ओढला, मग सगळ्यांनीच जरा दम खाल्ला, तेवढ्यात मी आतच बसून माझं सँडविच संपवलं. दुसरी पांढरी. हिला फार आवाज. मी शेजारच्या सीटवर चर्चच्या विक्रीसाठी केलेला फळांचा केक ठेवला होता (चांगला अडीच किलोचा), आणि गाडीची समजूत अशी की तिथे माणूस बसलंय. पट्टा लावा म्हणून तिने जो टुंग टुंग धोशा लावला, तो केकला पट्टा बांधल्यावरच थांबला. मला आधी हसू आलं. मग आलं नाही. यूटमध्ये एकतीस वर्षं त्या बाजूला मी बसत होते, वन्सं. आता माझ्या जागेवर केक.

तिसरी राखाडी. हिची सीट स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या उंचीची, बसायला-उठायला नामी. पण वळायचा दिवा डाव्या हाताला आणि वायपर उजव्या, सगळं उलटं. त्यामुळे वळायला जावं की वायपर सुरू. अशा दुष्काळात मी भर मुख्य रस्त्यावरून वायपर फडफडवत गेले, तेव्हा बारबाहेरच्या बाकावरचे म्हातारे उठून उभे राहिले. एक ओरडला, “मर्ल, आम्हाला न सांगता कुठे गं पडला पाऊस?”

आता खरी अडचण सांगते. गहू वर चढवायच्या यंत्राने क्लेमच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं नेलं, ते तुम्हाला आठवत असेलच. आपल्या रस्त्यावर समोरून गाडी आली की नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. क्लेम उरलेलं अर्धंच उचलायचा. लोक आधी टिंगल म्हणून बोट वाकवून उत्तर द्यायला लागले, पुढे त्यांना सवयच पडली. ती मोहरीच्या रंगाची, एक दार निळं असलेली यूट दिसली की सगळी पंचक्रोशी बोट वाकवते. तो गेल्यावरसुद्धा वाकवते. आत कोण बसलंय हे दिसायच्या आधी हात वर गेलेला असतो. तेवढा क्षणभर त्यांच्या लेखी क्लेम गाडी चालवत असतो. मीही बोट वाकवून उत्तर देते. दूध आणायचं म्हणून मी रोज अडतीस किलोमीटर जाते, वन्सं. मी चहा कोरा पिते.

राखाडी गाडीला कोण बोट वाकवणार? तेव्हा या तिन्हींतली कोणती घेऊ, की घेऊच नको, ते तुम्ही सांगा. तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही.

तुमची,
मर्ल

ता. क. शेवटचं वाक्य खोटं आहे. माझ्या लग्नातल्या टोपीपासून मी तुमचा शब्द मोडत आले आहे. बाकीचंही थोडं खोटं आहे. राखाडी गाडी घेऊन तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी घरी पोचेपर्यंत समोरून अकरा गाड्या गेल्या, एकानेही बोट उचललं नाही. शेडमध्ये गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. (हॉर्न वाजला. कुत्रा धावत आला, मेंढ्या पळाल्या.)

आणखी एक. यूट ड्वेनने घेतली. तोच, तुम्ही शाळेत शिकवायचात तेव्हा मागच्या बाकावर बसणारा. आता चार पोरांचा बाप झालाय, तरी तुमचं नाव निघालं की अजून खिशातले हात बाहेर काढतो. गेल्या गुरुवारी पुलापाशी ती समोरून आली. इतक्या वर्षांत ती गाडी समोरून येताना मी कधी पाहिलीच नव्हती, मी नेहमी आतच असायचे. काचेवर ऊन होतं. माणूस दिसेना, फक्त स्टिअरिंगवरचा हात दिसला. त्याने बोट वाकवलं. (त्या गाडीत बसलं की असंच करायचं असतं, असं ड्वेनला वाटत असावं.) सगळ्या गावाला इतकी वर्षं जे मिळत होतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं. उत्तर द्यायला हात उचलला, तर गडबडीत वायपर लागले.

आणि हे शेवटचं, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. ड्वेन म्हणतो, रंग उडालाय, निळं दार वाईट दिसतं, सगळी पांढरी करून टाकतो. रंगाचे डबे आणून ठेवलेत. मला काही बोलता येत नाही, विकलेली गाडी त्याची. पण जगात तो एका तुम्हालाच घाबरतो. त्याला दोन ओळी लिहा, वर्गातल्या आवाजात, की रंगाला हात लावायचा नाही. मला गाडी परत नको, वन्सं. तिच्यात आता मला चढताही येत नाही. गुरुवारी पुलापाशी ती समोरून येऊ दे, एवढंच.