न कुजलेले चमचे

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकटे भाऊजी यांस अ. उ. आ. वि. वि.

पत्र आणि हमीपत्राचा कागद पोचला. माझं बरं चाललंय. गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. वाचनालयात रोज जाते.

सही मात्र केलेली नाही. का, ते फोनवर न सांगता लिहितेय, कारण फोनवर तुम्ही इतकं गोड बोलता की मी काय विचारायला बसले होते तेच विसरते.

तुमचे दादा चौदा वर्षं मक्यापासून केलेल्या प्लास्टिकचे चमचे घडवत राहिले आणि ते चमचे चौदा वर्षं मोडत राहिले. गेले तेव्हाही शर्टाच्या खिशात एक तुटका चमचा होता. त्याला सोळा महिने झाले. आता तुमचे चमचे वाकतात, पण मोडत नाहीत. मी एक दाराच्या फटीत घालून पिळला. वाकला तिथे पांढरा पडला, बस. त्यांना जे चौदा वर्षांत जमलं नाही ते तुम्हाला एवढ्यात जमलं, याचा मला आनंद व्हायला हवा. झाला नाही.

म्हणून ते करायचे तसंच केलं. तुमचे चमचे जाळीच्या पिशवीत घालून मागच्या अंगणातल्या त्यांच्या खताच्या ढिगात पुरले. नव्वद दिवसांनी काल काढले. धुतले तर जेवायला घेता येतील असे आहेत.

शिवाय आपल्या कारखान्यातल्या मुकादमांचं पत्र आलंय. शेडमागे पिंपं आणि पोती आहेत आणि त्यांवरची नावं खरवडलेली आहेत म्हणे. त्यांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, आपलं मशिन बघा. कधीच न कुजणारं प्लास्टिक मिसळलं तर चमचा चिवट होतो, एवढं मला वाचनालयाने शिकवलंय.

इस्पितळांची ही ऑर्डर गेली तर नऊ माणसं रिकामी बसतील, हे ठाऊक आहे. पण गिऱ्हाइकाला दोन्ही भागीदारांची सही हवी आहे, आणि कागदावर वाक्य तुमच्या दादांचं आहे: ‘हा माल मातीत टाकला की मातीच होतो.’ ते खोटं असेल तर त्याखाली मी सही करणार नाही. पिंपांत काय आहे ते लिहा.

मुलींना पापा. लोभ आहेच, तो उत्तर आल्यावर वाढेल.

तुमची,
वहिनी


दि. १२ फेब्रुवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

मी अकरा वर्षांचा असल्यापासून मला अरेतुरे करणारी तू, आणि पत्रात एकदम ‘भाऊजी, तुम्ही’. मी पत्र बायकोला वाचायला दिलं. बायको म्हणाली, आता वहिनी झडतीलाच येतील, कपाटं आवरून ठेवा.

पिंपांत बियांचं तेल आहे आणि पोत्यांत रबराच्या झाडाचा वाळवलेला चीक. दोन्ही झाडाचंच. त्यांचे बारीक मऊ कण सगळ्या चमच्यात विखुरतात. तडा धावत येतो आणि अशा कणापाशी येऊन दमतो. एवढंच गुपित.

नावं मीच खरवडली. माल त्या व्यापाऱ्याचा आहे, ज्याला दादाने दंडाला धरून दाराबाहेर काढलं होतं. तो हेच सांगायला आला होता. दादा म्हणाला, मक्यात भेसळ नको. मी मध्ये बोललो तर कामगारांसमोर मला म्हणाला, तुला अक्कल असती तर तू एकाच इयत्तेत दोनदा बसला नसतास. तो गेल्यावर महिन्याच्या आत मी त्या व्यापाऱ्याच्या दारात उभा होतो. हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

चमचे इथल्या ढिगात ऐंशी दिवसांत गेले. तुझ्याकडे का राहिले, मला कळत नाही. हवं तर येऊन बघ.

गुडघ्याला शेक दे. राग शिल्लक असला तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २४ फेब्रुवारी

चि. धाकटे भाऊजी यांस आशीर्वाद.

व्यापाऱ्याचं खरं मानते. त्याचा राग नाही. पण तुमचा ढीग, तुमचे चमचे आणि निकालही तुमचाच, यावर मी सही कशी करू?

म्हणून त्यांची स्वतःची शेवटची पिशवी शोधली. ते गेल्यापासून त्या ढिगाला मी धक्का लावलेला नाही. त्यांनी शेवटचा थर रचला तो तसाच आहे, दाताळं जिथे रोवलं तिथेच उभं आहे. तुमचे चमचे पुरतानाही मी कडेने हात घातला होता. काल आणखी आत घातला आणि पिशवी लागली. पत्र्याच्या पट्टीवर त्यांच्या हातची तारीख. आत पाच चमचे, नुसत्या मक्याचे, बिनभेसळीचे. पाचही धडधाकट.

दिवसभर ओट्याला टेकून बसले. दर तीन महिन्यांनी ते मला रिकामी पिशवी आणून दाखवायचे आणि मी मान डोलवायची. ती रिकामी कशी झाली हे मी एकदाही पाहिलेलं नाही. हातानेच रिकामी करत होते का? तुला माहीत होतं का? दोघा भावांनी मिळून मला मान डोलवायला ठेवलं होतं का? जे असेल ते लिही. मी माणूस घालवून बसले आहे, आता आणखी काय घाबरायचं?

वहिनी


दि. १ मार्च

ती. वहिनीस सा. न.

घाईत लिहितोय. दादाने तुला फसवलं नाही. तू ढीग परतला नाहीस.

हे चमचे साध्या मातीत कुजत नाहीत. ढीग आतून तापलेला लागतो. सळई खुपसून काढली तर मुठीत धरवू नये, इतका. दादा दर आठवड्याला वरचं खाली करायचा, ताजं गवत घालायचा, पाणी मारायचा, ते उगाच नव्हतं. थंड ढिगात त्याचे काय आणि माझे काय, चमचे वर्षानुवर्षं पडून राहतील.

मी येऊन परतू का? गिऱ्हाईक मेअखेरपर्यंत थांबेल. पण ते दाताळं तुला तिथेच हवं असेल तर तसं सांग. मी त्यांना नाही म्हणून कळवीन.

तुझाच,
धाकटा


दि. २७ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, आणि उत्तर एवढं लांबवलं म्हणून चार जास्तीचे.

ते ढिगात एवढी उठाठेव करायचे, तेव्हा मला वाटायचं की घरात माझी बोलणी नकोत म्हणून बाहेर रमतात. कधी विचारलं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी सळई खुपसली. विहिरीतून काढावी तशी थंड निघाली.

दाताळं उपटलं तर दांडा बुडाशी मोडून हातात आला. त्या ढिगात तेवढं एकच कुजलं होतं. शेजारचे शिंपी मदतीला येत होते, त्यांना नको म्हटलं. पाला, भुसा, पाला, भुसा, असे त्यांनी हाताने सारखे केलेले थर होते. पहिला मोडायला सकाळ गेली. बाकीचे दुपारपर्यंत मोडले. मग ताजं गवत घातलं, पाणी मारलं. दहाव्या दिवशी सळईने तळवा भाजला.

मग दोन पिशव्या पुरल्या. त्यांचे पाच, तुझे पाच. दर आठवड्याला परतत गेले. परवा काढल्या. त्यांची रिकामी, आणि या वेळी ती मी स्वतः उघडली. तुझ्या पिशवीत नखाएवढा एक तुकडा होता, तो बोटांत चुरला.

तुझ्यावरचा संशय गेला. पिंपांवर व्यापाऱ्याचं नाव ठळक लिही आणि मुकादमांना चहाला बोलव.

पण हमीपत्र पुन्हा वाचलं. ‘मातीत टाकला की मातीच होतो.’ ऊब लागते हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी हे लिहिलं. लिहिताना त्यांना ते खोटं वाटलं नसेल. त्यांच्या अंगणात ते खरंच होतं. लोकांच्या अंगणात ते नाहीत. इस्पितळवाले चमचे भिंतीमागे फेकतील, आणि वर्षाने कुणीतरी उकरून बघेल.

म्हणून ते वाक्य खोडलं. खाली लिहिलंय: ‘हा माल फक्त तापलेल्या, नेमाने परतलेल्या खताच्या ढिगात कुजतो. इतरत्र टाकू नये.’ त्याखाली माझी सही आहे. गिऱ्हाईक यावर मागे फिरलं तर मला कळव, त्या नऊ जणांना तोंड मी देईन.

जावेला आणि मुलींना आशीर्वाद. आहे ती माया जपून ठेव. कागद सोबत जोडला आहे. त्यांच्या वाक्यावर पेन दोनदा थांबलं, पण रेघ सरळ आली आहे.

तुझी,
वहिनी