उर्सूची साखळी

तुल्चा, २० जून

आई,
तुझ्या इलिंकाचे दोन्ही गालांवर पापे. मी मजेत आहे; डास तेवढे फोडून काढतात.

नदीकाठी सापडलेल्या उर्सू कुत्र्याच्या हृदयात जंत निघाले, डासांमुळेच. इंजेक्शनं दिलीत. पण मेलेले जंत विरघळेपर्यंत तो धावला, तर त्यांचे तुकडे फुफ्फुसात अडकून जीवच जाईल. म्हणून दोन महिने त्याला साखळीनं बांधलंय. हो, मीच! आपल्या कुत्र्याच्या, ग्रिवेईच्या साखळीवरून बाबांशी भांडून घर सोडलेली. तरीही उर्सू मला बघून शेपटी हलवतो, तेच सोसवत नाही.

ग्रिवेईला जंत होऊ नयेत म्हणून महिन्याची गोळी मक्याच्या लापशीत, मामालिगात दडवून देतेस ना?

आणि बाबा? हृदयाच्या ऑपरेशननंतर पडून राहतात, की लाकडं फोडतात? त्यांना म्हणावं, गुमान पडा, नाहीतर येतेच. बांधून ठेवायला आता मीही शिकलेय.

तुझी,
इलिंका